कार्बन उत्सर्जनाचा नकाशा कसा वाचावा? केडगाव शिवाराच्या उदाहरणातून समजून घ्या

गेल्या काही वर्षांत ‘कार्बन’ हा शब्द गावापर्यंत पोहोचला आहे. कोणी कार्बन क्रेडिटचा करार घेऊन येतो, कोणी उपग्रहाच्या नकाशावर लाल ठिपके दाखवून ‘तुमच्या भागात पाचट फार जळते’ असे सांगतो, तर कोणी तालुक्याची सरासरी काढून सगळ्यांना एकच सल्ला देतो. या तिन्ही ठिकाणी प्रश्न एकच असतो: आकडा नेमका कोणत्या जागेचा आहे? जागेसह आकडा तपासण्याच्या शास्त्राला अवकाशीय सांख्यिकी म्हणतात. नाव जड असले तरी त्यामागचा विचार तुमच्या रोजच्या अनुभवातला आहे. तो केडगाव परिसराच्या आधाराने पाहू.

जिल्हा एक, शेती तीन प्रकारची

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. १४ तालुके आणि सुमारे १७ हजार चौरस किलोमीटर. पश्चिमेला अकोल्याच्या घाटमाथ्यावर भरपूर पाऊस आणि भातखाचरे आहेत. भातखाचरात पाणी साचले की मातीत प्राणवायू राहत नाही आणि मिथेन वायू तयार होतो. उत्तरेला प्रवरा व मुळेच्या कालव्यांखाली राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा या पट्ट्यात ऊस आहे. तिथे प्रश्न नत्रखतांचा आणि पाचटाचा. नगर, पारनेर, कर्जत, जामखेड हा भाग अवर्षणप्रवण. तिथे ज्वारी, मूग, विहिरीवरचा कांदा आणि जोडीला दुभती जनावरे. म्हणजे प्रश्न विजेचा, युरियाचा आणि गोठ्याचा.

आता या जिल्ह्याची ‘हेक्टरी सरासरी’ काढली तर ती कोणाची? अकोल्याच्या भाताची नाही, नेवाशाच्या उसाची नाही आणि केडगावच्या कांद्याचीही नाही. अशा सरासरीवर बेतलेला सल्ला तिघांनाही लागू पडत नाही.

आधी हिशेब: वायू किती निघतो?

वेगवेगळे वायू एकाच मापात मोजण्यासाठी त्यांचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करतात. १०० वर्षांच्या हिशेबाने १ किलो मिथेन म्हणजे सुमारे २७ किलो आणि १ किलो नायट्रस ऑक्साइड म्हणजे सुमारे २७३ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवते. या मापाला पुढे आपण ‘सममूल्य’ म्हणू.

- युरिया: ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के प्रमाणे २०.७ किलो नत्र असते. आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय समितीच्या सर्वसाधारण पद्धतीत टाकलेल्या नत्रापैकी १ टक्का नत्र नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने उडतो असे धरतात. त्याचे सुमारे ८९ किलो सममूल्य होते. युरियातील कार्बन सुटतो तो आणखी ३३ किलो. म्हणजे एका गोणीमागे सुमारे १२२ किलो.
- पाचट: हेक्टरी ८ टन कोरडे पाचट जाळले तर मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मिळून सुमारे ५९० किलो, म्हणजे एकरी सुमारे २३५ किलो सममूल्य. यात धुरातला कार्बन डायऑक्साइड धरत नाहीत, कारण तो उसाने त्याच वर्षी हवेतून घेतलेला असतो.
- वीज: ५ अश्वशक्तीचा पंप आठ तास चालला तर साधारण ३० ते ३५ युनिट लागतात. देशाच्या ग्रीडमधील एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो धरले तर हे २१ ते २५ किलो होतात.
- डिझेल: एका लिटरमागे सुमारे २.७ किलो.

युरियाच्या आकड्याकडे पुन्हा पाहा. आयपीसीसीने २०१९ मध्ये सुधारलेल्या पद्धतीत कोरड्या हवामानासाठी १ टक्क्याऐवजी ०.५ टक्का आणि ओल्या हवामानात रासायनिक खतांसाठी १.६ टक्के हे प्रमाण दिले आहे. त्यानुसार तीच गोणी कोरड्या भागात सुमारे ७७ किलो आणि ओल्या भागात सुमारे १७५ किलो ठरते. गोणी तीच, पण जागा बदलली की आकडा दुपटीहून अधिक बदलतो. विहिरीवर भिजणारे कांद्याचे रान पावसाच्या आकड्यावरून वाटते तितके कोरडे राहत नाही. म्हणून या लेखात पुढे मधला १ टक्काच धरला आहे.

शेजार महत्त्वाचा का?

वॉल्डो टोब्लर या अमेरिकी भूगोलतज्ज्ञाने १९७० मध्ये एक साधा नियम मांडला. सगळ्या गोष्टींचा एकमेकींशी संबंध असतो, पण जवळच्यांचा संबंध लांबच्यांपेक्षा अधिक असतो, असा त्याचा आशय. शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. बांधाला बांध लागून असलेल्या दोन रानांची माती सारखी, विहिरींना पाणी एकाच झऱ्याचे, खताचे दुकान एक आणि बऱ्याचदा सल्ला देणारा माणूसही एकच.

हा शेजारचा प्रभाव किती आहे हे मोजायला पी. ए. पी. मोरान यांनी १९५० मध्ये निर्देशांक सुचवला. आकडा धन असेल तर सारखी शेते एकत्र आली आहेत असे समजावे. ऋण असेल तर कमी-जास्त शेते आलटून-पालटून आहेत. शून्याच्या आसपास असेल तर ठरावीक मांडणी दिसत नाही.

सहा शेतांचे उदाहरण

समजा, ओढ्याच्या कडेने ओळीत सहा कांदा उत्पादकांची शेते आहेत. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने सगळ्या खतांतून दिलेला नत्र आपण युरियाच्या गोण्यांत मोजला. एकरी गोण्या अशा:

४, ३.५, ३.५, २.५, २.५, २

सरासरी ३ गोण्या. आता सरासरीपासूनचा प्रत्येकाचा फरक काढा: १, ०.५, ०.५, −०.५, −०.५, −१.

१. शेजारच्या दोघांच्या फरकांचा गुणाकार करा. पाच जोड्यांचे गुणाकार ०.५, ०.२५, −०.२५, ०.२५, ०.५ येतात. बेरीज १.२५.
२. सहाही फरकांचे वर्ग करून बेरीज करा: ३.
३. पहिल्या बेरजेला दुसरीने भागा आणि शेतांची संख्या भागिले जोड्यांची संख्या, म्हणजे ६/५ ने गुणा. उत्तर: ०.५.

आता तेच सहा आकडे, पण मांडणी वेगळी: ४, २, ३.५, २.५, ३.५, २.५. सरासरी तीच ३. एकूण गोण्या त्याच १८. पण निर्देशांक येतो −०.९.

तालुक्याच्या तक्त्यात ही दोन्ही शिवारे एकसारखी दिसतील. प्रत्यक्षात उपाय अगदी निराळे आहेत. पहिल्या शिवारात जास्त खत एका टोकाला एकवटले आहे, म्हणजे कारण सामाईक असण्याची शक्यता आहे. तिकडची जमीन हलकी, मुरमाड असेल आणि पाण्याबरोबर नत्र खाली जात असेल. किंवा सगळे एकाच दुकानदाराचे ऐकत असतील. तिथे एक शिवारफेरी आणि एक गटबैठक पुरते. दुसऱ्या शिवारात प्रत्येकाचा निर्णय स्वतंत्र आहे. तिथे मातीपरीक्षणाचा अहवाल हातात घेऊन घरोघरी बोलावे लागेल.

हा योगायोग तर नाही?

०.५ हा आकडा पाहून लगेच निष्कर्ष काढू नका. वरचे सहा आकडे ओळीत एकूण १८० वेगवेगळ्या प्रकारे मांडता येतात. त्यातल्या १२ मांडण्यांत निर्देशांक ०.५ किंवा त्याहून अधिक येतो. म्हणजे चिठ्ठ्या टाकून आकडे वाटले असते तरी पंधरात एकदा असे चित्र दिसले असते. शास्त्रात साधारणपणे वीसात एकदा किंवा त्याहून कमी शक्यता असेल तरच मांडणीला अर्थ आहे असे मानतात. सहा शेते पुरेशी नाहीत. किमान तीस-चाळीस शेते घेतली तर चित्र भरवशाचे होते. संगणक हीच चिठ्ठ्यांची पद्धत हजार वेळा करून उत्तर देतो. जिओडा आणि क्यूजीआयएस या मोफत संगणकप्रणाली यासाठी वापरता येतात.

नमुना निवडण्याचे हे शिस्तशीर शास्त्र आपल्याकडे नवे नाही. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे या दोन संख्याशास्त्रज्ञांनी शेती प्रयोगांच्या सांख्यिकी पद्धतींवर लिहिलेला ग्रंथ कृषी पदवीच्या पिढ्यांनी अभ्यासला आहे. आपण करतो त्या पीक कापणी प्रयोगातील यादृच्छिक निवडही याच विचारातली. रस्त्याकडेचे सोयीचे शेत घ्यायचे नाही, चिठ्ठीत निघेल ते घ्यायचे. उत्सर्जनाच्या सर्वेक्षणालाही हाच नियम लावा.

‘हॉटस्पॉट’ या शब्दाचे दोन अर्थ

इथे विस्तार कार्यकर्त्यांनी विशेष लक्ष द्यावे. नासाच्या आगीच्या नकाशावर दिसणाऱ्या लाल ठिपक्यालाही हॉटस्पॉट म्हणतात आणि सांख्यिकीत जास्त आकड्यांच्या शेतांच्या समूहालाही. दोन्ही एक नव्हेत.

उपग्रहावरील विर्स या उपकरणाचा एक ठिपका साधारण ३७५ मीटर बाय ३७५ मीटरचा असतो. म्हणजे १४ हेक्टर, सुमारे ३५ एकर. त्या ३५ एकरांत कुठेतरी आग होती एवढेच तो सांगतो. कोणत्या गटात होती हे सांगत नाही. शिवाय हे उपग्रह आपल्यावरून दुपारी आणि मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास जातात. संध्याकाळी पेटवलेले आणि दोन तासांत विझलेले पाचट नकाशावर येईलच असे नाही. म्हणून एका ठिपक्यावरून शेतकऱ्याला दोष देणे चुकीचे, आणि ठिपका नाही म्हणून पाचट जळत नाही असे म्हणणेही चुकीचे.

सांख्यिकी हॉटस्पॉट मात्र एका ठिपक्याचा नसतो. आजूबाजूच्या शेतांसह आकडे जास्त आहेत आणि हे योगायोगाने झालेले नाही, असे दिसल्यावरच तो मानायचा. गेटिस आणि ऑर्ड यांनी १९९२ मध्ये आणि ल्युक अँसेलिन यांनी १९९५ मध्ये यासाठी पद्धती दिल्या. पाचट कुट्टी यंत्र कोणत्या गावात आधी न्यायचे हे ठरवायला हा समूह उपयोगी पडतो, सुटा ठिपका नाही.

हद्द बदलली की आकडा बदलतो

केडगाव हे याचे चांगले उदाहरण आहे. पुणे रस्त्यावरचे हे जुने गाव आज अहिल्यानगर महापालिकेच्या हद्दीत आहे. उपनगराच्या वस्तीला लागून अजूनही शेती आहे आणि नेप्तीचा कांदा बाजार जवळच आहे. आता केडगावचे उत्सर्जन शहराच्या खात्यात धरले तर शेतीचा वाटा वाहने, घरे आणि उद्योगांपुढे नगण्य दिसेल. तेच नगर तालुक्याच्या ग्रामीण खात्यात धरले तर महामार्गावरच्या वाहनांचा धूर हेक्टरी आकडा फुगवेल आणि शेतकऱ्याच्या नावावर नको ते चढेल. जमिनीवर काहीच बदललेले नसते, बदलते फक्त कागदावरची रेघ. म्हणून कोणीही आकडा दाखवला तर पहिला प्रश्न विचारा: हद्द कोणती धरली आणि त्यात काय काय मोजले?

दुसरी बाब धूर निघतो त्या जागेची. पंप केडगावात चालतो, पण त्याच्या विजेसाठी कोळसा चंद्रपूर किंवा कोराडीला जळतो. युरिया इथे पडतो, पण तो रायगड जिल्ह्यातील थळसारख्या कारखान्यात बनतो. नकाशात उत्सर्जन ‘निघते तिथे’ धरले की ‘ज्याच्यासाठी होते तिथे’, हे स्पष्ट लिहिलेले असायला हवे. दोन्ही पद्धती योग्य आहेत, पण एकाच तक्त्यात मिसळल्या तर एकच धूर दोनदा मोजला जातो.

जमिनीतील कर्ब आणि कार्बन क्रेडिट

जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने शेतीतील ऐच्छिक कार्बन बाजारासाठी आराखडा जाहीर केला. त्यामुळे करार घेऊन येणाऱ्यांची संख्या वाढेल. अशा करारात तुमच्या जमिनीत किती कर्ब वाढला यावर पैसे ठरतात. म्हणून मोजमाप कसे होते ते समजून घ्या.

समजा जमिनीत सेंद्रिय कर्ब ०.५० टक्के आहे, मातीची घनता १.३ आहे आणि मोजणी ३० सेंटिमीटर खोलीपर्यंत आहे. हेक्टरी कर्ब सुमारे १९.५ टन होतो. तो ०.५५ टक्के झाला तर वाढ सुमारे २ टन, म्हणजे ७ टनांहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड. कागदावर हा मोठा आकडा आहे. पण ०.०५ टक्क्याचा फरक एकाच शेतात बांधाजवळचा आणि मधला नमुना यांतही सहज पडतो. उकिरड्याच्या जुन्या जागेवरचा एक नमुना सगळा हिशेब उलटवू शकतो.

मृदा आरोग्य पत्रिका योजनेत बागायतीत २.५ हेक्टरला एक आणि जिरायतीत १० हेक्टरला एक अशी नमुन्यांची जाळी ठरवली होती. खताची शिफारस देण्यासाठी ती ठीक. पण तुमच्या एक एकरातील कर्बाची वाढ त्यावरून सिद्ध होत नाही. दोन नमुन्यांच्या मधल्या जागेचा अंदाज बांधण्यासाठी ‘क्रिगिंग’ ही पद्धत वापरतात. दक्षिण आफ्रिकेतील खाण अभियंता डॅनी क्रिग यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला सोन्याच्या खाणींसाठी केलेल्या कामातून ती पुढे आली. जवळच्या नमुन्याला जास्त वजन, लांबच्याला कमी, असा तिचा गाभा. तिचा मोठा फायदा म्हणजे ती अंदाजाबरोबर चुकीची मर्यादाही सांगते. ही मर्यादा न देता रंगीत नकाशा दाखवला तर त्यावर सही करू नका.

करारापूर्वी हे पाच प्रश्न विचारा:

- माझ्या शेतातून किती नमुने, किती खोलीवरून घेणार? जागा जीपीएसने नोंदवणार का?
- काही वर्षांनी त्याच जागी, त्याच हंगामात, त्याच प्रयोगशाळेत पुन्हा तपासणी होणार का?
- मातीची घनता मोजणार की पुस्तकातला आकडा घेणार?
- अंदाजातील अनिश्चिततेपोटी किती कपात होणार आणि ती कोणाच्या वाट्यातून?
- शेजारच्या शेतांची सरासरी माझ्या नावावर लावणार का?

केडगाव परिसरात प्रत्यक्ष काय करता येईल?

१. यादी करा. एका शिवारातील तीस-चाळीस शेते चिठ्ठीने निवडा. गट क्रमांक, जीपीएस, पीक, सर्व खतांतील नत्र, पंपाचे तास, डिझेल आणि जनावरे नोंदवा. सगळे आकडे एकरी आणि एकाच हंगामाचे घ्या.

२. शेजार ठरवा. फक्त बांधाला बांध म्हणजे शेजार नव्हे. एकाच ओढ्यावरच्या विहिरी किंवा एकाच रोहित्रावरचे पंप हाही शेजारच. कारणाचा शोध ज्या दिशेने घ्यायचा, त्या दिशेने शेजार ठरवा.

३. नकाशा काढा, मग निर्देशांक. डोळ्यांना दिसणारा समूह आकड्याने टिकतो का ते पाहा.

४. शिवारात जा. निर्देशांक ‘कुठे’ ते सांगतो, ‘का’ ते सांगत नाही. समूहात गेल्यावर माती खोदून पाहा, विहिरीचे पाणी तपासा.

विहिरीच्या पाण्याचा मुद्दा कांदा उत्पादकांनी मनावर घ्यावा. पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट असेल, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेइतके, आणि हंगामात एकूण ५०० मिलिमीटर पाणी दिले, तर एकरी सुमारे २० किलो नत्र पाण्यातूनच जमिनीत जाते. ही जवळजवळ युरियाची एक गोणी झाली. एका ओढ्यावरच्या विहिरींत नायट्रेट जास्त निघाले तर त्या सगळ्या शेतांना मातीपरीक्षणाच्या आधारे खत कमी करण्याचा सल्ला एकत्र देता येतो. कांद्याची नत्राची शिफारस हेक्टरी १०० ते ११० किलोच्या आसपास आहे, म्हणजे एकरी साधारण दोन गोण्या. आपल्या सहा शेतांच्या उदाहरणात १८ ऐवजी १२ गोण्या वापरल्या तर एकरी हिशेबाने ७३० किलोंहून अधिक सममूल्य वाचते, आणि सहा गोण्यांचे पैसेही. शिवाय जादा नत्राने मानेत जाड झालेला, साठवणुकीत लवकर सडणारा कांदा कमी होतो.

५. ऊस पट्ट्यात पाचट ठेवा. हेक्टरी ८ ते १० टन पाचटावर ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू वापरण्याची शिफारस आहे. पाचटात सुमारे अर्धा टक्का नत्र असते. जाळले की त्यातले बहुतेक हवेत जाते.

६. पुढच्या वर्षी तीच शेते पुन्हा मोजा. समूह विरला की फक्त जागा बदलून पलीकडच्या शिवारात गेला, हे तेव्हाच कळते.

नगर तालुक्यातच असलेल्या हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद गावात मांडून, पडलेल्या पावसाप्रमाणे पीक ठरवण्याची सवय लावली. नत्र, वीज आणि कर्ब यांचाही असाच शिवारनिहाय ताळेबंद मांडता येतो. त्यासाठी लागते ती एक वही, जीपीएस असलेला मोबाइल आणि चिठ्ठीने निवडलेली शेते. असा ताळेबंद गावाकडे तयार असेल, तर करार घेऊन येणाऱ्याशी किंवा लाल ठिपके दाखवणाऱ्याशी बोलताना तुमच्या शेताचा आकडा तुमच्याच हातात असेल. येत्या रब्बीची खते भरण्यापूर्वी मातीबरोबर विहिरीच्या पाण्याचाही नमुना तपासायला द्या आणि शेजारच्या चौघांनाही सोबत घ्या.